नाटक देवासाठी, आपण फुकटचे पाहुणे: तैवानबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात तैवानमधल्या देवळासमोर होणाऱ्या नाटकांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की स्टेजचं तोंड देवाकडे असतं, समोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या तरी कलाकार पूर्ण मेकप करून जीव तोडून गातात, कारण नवस देवाला बोललेला असतो आणि खेळ बघणारा तोच, आपण आलो तर आलो नाहीतर नाही. त्यावर एवढे मेल येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाहीये, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न: ताई, आमची मुलगी कंपनीतर्फे शिन्चूला गेलीये, एप्रिलमध्ये आम्ही दोघं महिनाभर तिच्याकडे जाणार. युट्यूबवर बघितलं तर तैपेई १०१, नाइट मार्केट आणि बबल टी यापुढे कोणी जातच नाही. तिथल्या लोकांचं असं काही बघायचं असेल तर कुठे जावं? आम्ही दोघं वारी केलेली माणसं आहोत, चालायला घाबरत नाही. (एक वाचक, सासवड)

उत्तर: वारी केलेल्या माणसांना मी दुसरं काही सांगणारच नाही, मात्सूच्या पालखीला जा. मात्सू म्हंजे समुद्राची देवी, मूळची चीनच्या फुच्येन किनाऱ्यावरची, लिन घराण्यातली मुलगी होती असं मानतात, आणि सामुद्रधुनी ओलांडून जे शेतकरी-कोळी तैवानात आले त्यांनी येताना बोटीतून तिच्या मूर्ती आणल्या. समुद्र खवळलेला, बोटी लहान, दुसरं कोणाला हाक मारणार. तिथल्या चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यात, म्हंजे बहुतेक वेळा एप्रिल-मेच्या सुमारास, तिच्या पालख्या निघतात. सगळ्यात गाजलेली ताइचुंगजवळच्या दाज्या गावातल्या जेनलान देवळाची. नऊ दिवस आठ रात्री, जाऊन-येऊन साधारण ३४० किलोमीटर, दक्षिणेला शिनगांगच्या देवळापर्यंत आणि परत घरी. निघायचा दिवस देवीलाच विचारतात, लँटर्न फेस्टिव्हलच्या म्हंजे तिथल्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या संध्याकाळी कौल लावून. हो, कौलच, कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको: चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट एक फुगीर, खाली टाकायचे आणि एक उताणा एक पालथा पडला की देवीचा होकार.

यात एक गंमत आहे. ही पालखी १९८७ पर्यंत शिनगांगला नाही, बेगांगच्या देवळाला जायची आणि लोक त्याला 'देवी माहेरी चालली' म्हणायचे. ते दाज्यावाल्यांना खटकायला लागलं, की म्हंजे आमची देवी त्यांच्यापेक्षा धाकटी का, मग बोलणी फिसकटली आणि १९८८ पासून रस्ताच बदलला. मानपानाचं राजकारण सगळीकडे सारखंच.

पण मला स्वतःला आवडते ती बायशातुनची पालखी. ही बेगांगलाच जाते, जाऊन-येऊन ४०० किलोमीटरच्या आसपास, आणि हिचा रस्ता ठरलेला नसतो. खरंच नसतो. चौकात पालखी थांबते, खांदेकऱ्यांच्या खांद्यावर मागेपुढे डुलते आणि ज्या बाजूला ओढ लागेल तिकडे सगळे धावतात, कधी शाळेच्या आवारात, कधी हॉस्पिटलच्या दारात, कधी कोणाच्या तरी अंगणात, काही वर्षी तर पुलावरून न जाता सरळ नदीच्या पात्रातून गेलीये. पालखीवर गुलाबी कापड असतं आणि चालायचा वेग असा की लोकांनी तिचं नाव गुलाबी सुपरकार ठेवलंय. देवी आत्ता कुठे आहे ते मोबाइलच्या ॲपवर जीपीएसने दिसतं, त्यामुळे मागे पडलेली आजीबाई टपरीवर चहा पीत फोन बघते आणि लोकल पकडून पुढे गाठते.

वाटेत खायची चिंता करू नका, दोन्ही बाजूला लोक टेबलं लावून उभे असतात, नूडल्स, वाफेचे बन, फळं, पाण्याच्या बाटल्या, पायाला मलम, सगळं फुकट आणि नाही म्हटलं तर वाईट वाटून घेतात. शाकाहारी पण भरपूर मिळतं आणि त्यात बहुतेक वेळा कांदा-लसूणही नसतो. पालखी येताना दिसली की लोक रस्त्यात एका ओळीत गुडघे टेकून वाकतात आणि पालखी त्यांच्यावरून जाते, तुम्हाला वाटलं तर तुम्हीही ओळीत बसा, कोण कुठला हे कोणी विचारत नाही. फक्त सुतक असेल किंवा बाई गरोदर असेल तर बसत नाहीत, एवढं पाळा, आणि फोटोसाठी पालखीच्या पुढ्यात उलटं चालू नका. पूर्ण चालायची जिद्द धरू नका, एखादा दिवस खूप झाला. शिन्चूहून किनाऱ्याच्या रेल्वेलाइनवर दाज्या आणि बायशातुन दोन्ही स्टेशनं आहेत.

आणि पुढे जे नाचणारे पथक असतं त्यात मोठ्या डोक्याचा गुबगुबीत पोरगा दिसेल, हातात पांढरे ग्लोव्हज, स्पीकरवर टेक्नो म्युझिक आणि हा त्यावर नाचतोय. तो तिसरा राजकुमार, नेझा नावाचा देव. २००९ साली गाओशुंगला वर्ल्ड गेम्स झाल्या तेव्हा उद्घाटनाला हेच नेझा मोटारसायकलवरून आले होते. अभ्यासक सांगतात की हा देव बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून तिकडे गेला आणि मूळचा कुबेराचा मुलगा नलकूबर. म्हंजे नाचू द्या, आपलाच पोरगा आहे.

प्रश्न: मी पाचवी-सहावीला शिकवते. मुलांना तैवानच्या बाहुल्यांच्या खेळाचं रील दाखवलं, त्यात बाहुली तलवार फिरवते, खिडकीतून उडी मारते, हवेत कोलांटी घेऊन परत येते. मुलं म्हणतायत एडिटिंग आहे. खरं काय? (शिक्षिका, डोंबिवली)

उत्तर: मुलांना सांगा, सगळं हाताने. ती हातमोज्याची बाहुली असते, पो-ते-ही म्हणतात त्या खेळाला. लाकडाचं कोरलेलं डोकं, खाली कापडाची पिशवी आणि वर भरजरी अंगरखा. तर्जनी डोक्यात, अंगठा एका हातात, मधलं बोट दुसऱ्या हातात. बस. एवढ्यावर तो माणूस बाहुलीला पाइप ओढायला लावतो, काठीवर थाळी फिरवायला लावतो, आणि ती जी कोलांटी आहे ना, ती खरोखर हवेत फेकलेली असते आणि खाली दुसऱ्या हाताच्या बोटांत झेललेली. मुख्य कलाकार एकटाच म्हाताऱ्यापासून राजकन्येपर्यंत सगळ्यांचे आवाज काढतो, मागे झांजा, ढोल आणि सनईच्या जातीचं एक कर्कश वाद्य.

पण मुलांना तंत्रापेक्षा त्यामागची गोष्ट सांगा, कारण ती जास्त मजेदार आहे आणि जरा त्रासदायक पण. ली तिएन-लू नावाचे एक फार मोठे कलाकार होऊन गेले, १९१० ते १९९८. १९३१ मध्ये त्यांनी स्वतःची मंडळी काढली. तेव्हा तैवानवर जपानचं राज्य. १९३७ नंतर जपान्यांनी सगळ्यांना जपानी करायचा सपाटा लावला, त्यात हे खेळ बंद किंवा मग बाहुल्यांना जपानी कपडे घालून जपानी कथा करा. जपानी गेले, चीनमधून च्यांग कै-शेकचं सरकार आलं, तर आता म्हणे कम्युनिस्टांच्या विरोधातले खेळ करा. बाहुली तीच, बोटं तीच, सरकार बदललं की अंगरखा बदलायचा. मग आला टीव्ही. १९७० मध्ये ह्वांग चुन-श्युंग यांनी बाहुल्यांची मालिका सुरू केली, ती सुद्धा लोकांच्या तैवानी बोलीत, आणि देश अक्षरशः वेडा झाला, दुपारी शेतं ओस, दुकानात गिऱ्हाइकाकडे बघायला कोणी नाही. १९७४ ला सरकारने बंद केली, कारण काय तर शेती आणि कारखान्याच्या कामात व्यत्यय येतो. खरं दुखणं भाषेचं होतं असं बहुतेक जण मानतात, कारण तेव्हा शाळेत घरची बोली बोललं तर दंड व्हायचा, गळ्यात पाटी अडकवायचे, आणि इथे तीच बोली रोज टीव्हीवर गडगडत होती.

ली आजोबांकडे सत्तरच्या दशकात फ्रान्सहून मुलं शिकायला आली, त्यातल्या एकाने, ज्याँ-ल्युक पँसो त्याचं नाव, पॅरिसला जाऊन स्वतःची मंडळी काढली. घरच्यांना किंमत परदेशी शिष्य आल्यावर कळली असं म्हणायला मला आवडत नाही पण काही अंशी झालं तसंच. नंतर आजोबांनी म्हातारपणी प्राथमिक शाळेतल्या मुलांना शिकवायला घेतलं आणि त्या मुलांची मंडळी उभी राहिली. त्यांचे थोरले चिरंजीव छन शी-ह्वांग, जन्म १९३१, यांना सरकारने पुढे राष्ट्रीय पातळीवरचे परंपरा जपणारे कलाकार म्हणून मान दिला. बाप ली आणि मुलगा छन कसा हे मुलं विचारतीलच, तर ली आजोबा घरजावई होते, त्यामुळे पहिल्या मुलाला आईचं आडनाव लागलं. वर्गात यावर चांगली चर्चा होईल बघा.

वर्गात करायचं असेल तर कागदाच्या लगद्याचं डोकं आणि जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी पुरते. आधी फक्त चालायला शिकवा. म्हातारा कसा चालतो, चोर कसा चालतो. तलवार नंतर.

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात असते. शेजारच्या तैवानी काकू मे महिन्यात त्यांच्या हेरिटेज वीकच्या कार्यक्रमाला चल म्हणाल्या. मी सहज म्हटलं की चायनीज न्यू इयरचा एवढा मोठा कार्यक्रम असतो की, हा वेगळा कशाला? काकू एकदम गप्प झाल्या. माझं काय चुकलं? (वाचक, सॅन होजे)

उत्तर: चुकलं म्हणण्यापेक्षा दुखऱ्या जागेवर बोट पडलं, तैवानीला चायनीजमध्येच धरलंत. तुमच्या काकूंचं वय मला माहीत नाही पण साठी-सत्तरीच्या असतील तर हे वाचा.

फेब्रुवारी १९४७ च्या शेवटी तैवानात च्यांग कै-शेकच्या सरकारविरुद्ध उठाव झाला तो चिरडला गेला, हजारो माणसं मारली गेली, सरकारने १९९२ मध्ये स्वतः काढलेल्या अहवालात १८ ते २८ हजार असा अंदाज आहे. त्यानंतर १९४९ ते १९८७ मार्शल लॉ, म्हंजे लष्करी कायदा. एवढी वर्षं त्या घटनेबद्दल घरात सुद्धा हळू आवाजात बोलायचे. साठ-सत्तरच्या दशकात जी हुशार मुलं अमेरिकेत शिकायला आली त्यांतल्या ज्यांनी तिथे बसून सरकारविरुद्ध तोंड उघडलं त्यांची नावं काळ्या यादीत गेली, मग आईवडिलांच्या अंत्यविधीलाही घरी जाता येईना. अशा लोकांनी अमेरिकेत काय केलं, तर चर्चच्या हॉलमध्ये तैवानी गाण्यांचे कॉयर काढले, उन्हाळ्यात मुलांचे कॅम्प भरवले, डबा पार्टीत घरच्या बोलीत गप्पा मारल्या. जे मायदेशात करता येत नव्हतं ते इथे पार्किंग लॉटमध्ये केलं. कागदोपत्री पण भांडण होतंच, तैवानला चीनपासून वेगळा २० हजार व्हिसांचा कोटा मिळाला तो १९८२ च्या सुमारास, आणि जनगणनेच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने 'तैवानी' लिहा म्हणून मोहिमा निघायच्या. त्या सगळ्यातून १९९९ मध्ये हा हेरिटेज वीक आला, मे महिन्यातल्या मदर्स डेपासून सुरू होणारा आठवडा. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरला मे महिन्यात 'पासपोर्ट टू तैवान' भरतो, तुमच्या सॅन फ्रान्सिस्कोतही युनियन स्क्वेअरलाच मेळा असतो, कॅनडात व्हँकुव्हर आणि टोरँटोला लेबर डेच्या सुमारास तैवानफेस्ट. तेव्हा हा फक्त ड्रॅगन डान्सचा दुसरा प्रयोग नाहीये हे लक्षात येईल.

एक मात्र सांगते, सगळ्या तैवानी घरांची गोष्ट हीच नसते. १९४९ च्या आगेमागे चीनमधून च्यांगच्या सैन्याबरोबर दहा लाखांहून जास्त माणसं आली, त्यांच्या मुलांचं बालपण लष्करी वसाहतींमध्ये मँडरिन बोलत आणि पेकिंग ऑपेरा ऐकत गेलं, आणि आज तैवानची शान म्हणून मिरवतात ते बीफ नूडल सूप त्यांच्याच चुलीवरचं. हक्का लोक (हेही पूर्वी चीनमधूनच आलेले, पण बोली स्वतःची) वेगळे, आदिवासी वेगळे. एकाच स्टॉलच्या मागे उभ्या असलेल्या दोन बायकांचं राजकारण पण एक नसतं. म्हणून मत मांडू नका, विचारा. 'काकू, लहानपणी घरी कोणती भाषा बोलायचात?' एवढंच विचारा आणि दोन तास मोकळे ठेवा. जाताना काहीतरी घरचं करून न्या, चकल्या न्या, अननस केक खाऊन कंटाळलेले असतात सगळे.

(बबल टी कोणी शोधला हे मात्र तिथे विचारू नका. ताइचुंगचं एक दुकान आणि ताइनानचं एक दुकान यावरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडलेत.)

प्रश्न: बॅकपॅकिंग करत जुलै-ऑगस्टमध्ये तैवानच्या पूर्व किनाऱ्याला जायचा प्लॅन आहे. तिथल्या आदिवासींचा हार्वेस्ट फेस्टिव्हल असतो, त्यात टुरिस्टना नाचायला घेतात असं ऐकलं. कसं जायचं? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर: घेतात, पण घेतील तेव्हा. ह्वालिएन आणि ताइतुंग भागात आमिस लोकांची गावं आहेत, तैवानात सरकारने मान्यता दिलेल्या १६ आदिवासी जमाती आहेत त्यातली ही सगळ्यात मोठी. त्यांचा सण म्हंजे इलिसिन, प्रत्येक गावाची तारीख वेगळी, आणि तो टुरिस्टसाठी भरवलेला शो नसतो. गावातले पुरुष वयाप्रमाणे गटांत विभागलेले असतात, लहान गटाने मोठ्या गटाचं ऐकायचं, पाणी आणायचं, लाकडं फोडायची, शहरात ट्रक चालवणारा किंवा चिप कंपनीत असलेला पोरगा रजा टाकून येतो आणि इथे त्याला गटातला बारक्या म्हणून राबवतात. काही दिवस किंवा रात्री फक्त गावकऱ्यांच्या असतात. ज्या दिवशी पाहुण्यांना बोलावतात त्या दिवशी कोणीतरी येऊन हाताला धरून वर्तुळात नेतं. स्वतःहून मध्ये घुसायचं नाही, दोन नाचणाऱ्यांचे हात सोडवून तर बिलकुल नाही. कॅमेरा काढायच्या आधी विचारा, आणि हो, पेला पुढे केला तर निदान ओठाला लावा.

गाणी रेकॉर्ड करून रीलवर टाकायच्या आधी ही गोष्ट वाचा. ताइतुंगमधले एक आमिस गायक होते, त्यांचं नाव दिफांग, चिनी नाव क्वो यिंग-नान. १९८८ मध्ये ते आणि त्यांची बायको बाकीच्या मंडळींबरोबर युरोपात गायला गेले, तिथे एका फ्रेंच संस्थेने रेकॉर्डिंग केलं. काही वर्षांनी एनिग्मा या ग्रुपचं 'रिटर्न टू इनोसन्स' जगभर वाजायला लागलं, तुमच्या आईबाबांनी नक्की ऐकलं असेल, त्याच्या सुरुवातीला जो म्हाताऱ्या माणसाचा खुला आवाज आहे ना, तो दिफांग आजोबांचा. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या प्रचारात ते गाणं वापरलं गेलं. आजोबांना कोणी विचारलं नव्हतं, नाव नव्हतं, पैसा नव्हता. म्युझिक कंपनीचं म्हणणं असं की हे पारंपरिक गाणं, त्याला मालक कुठला. शेवटी अमेरिकेत केस टाकली आणि १९९९ मध्ये तडजोड झाली, नाव लागलं. २००२ मध्ये आजोबा गेले. आता एखाद्या गावात तुम्हाला रेकॉर्डिंगला नाही म्हणाले तर तोंड वाकडं करू नका.

आणि तुम्हाला वेळ नोव्हेंबरमध्ये असेल तर मी इलिसिनपेक्षा शिन्चू-म्याओलीच्या डोंगरातल्या साइसियात लोकांच्या पास्ता-आय सणाला जा म्हणेन. ही छोटी जमात, काही हजार माणसांची. त्यांची कथा अशी की पूर्वी नदीपलीकडे बुटकी माणसं राहायची, त्यांनी साइसियातांना शेती शिकवली, गाणी शिकवली, पण बायकांची छेड काढायची म्हणून चिडून यांनी ते ज्या झाडावर बसायचे ते कापून ठेवलं आणि ती माणसं दरीत पडून मेली. जे एक-दोन म्हातारे वाचले त्यांनी जाताना गाणी दिली आणि सांगितलं की हे गात राहा नाहीतर पीक येणार नाही. तेव्हापासून दर दोन वर्षांनी त्या बुटक्यांना बोलावून, खाऊपिऊ घालून, रात्रभर गाऊन नाचून, पहाटे परत पाठवतात. दहा वर्षांतून एकदा मोठा सण, २०१६ ला झाला होता, त्या हिशोबाने पुढचा २०२६ चा. ही गाणी एरवी गायची नाहीत असा दंडक आहे. तुम्ही गावात शिरताना दंडाला लव्हाळ्यासारख्या गवताची पात बांधतात, माणसांना बांधतात, कॅमेऱ्याला, बॅगेला, गाडीच्या आरशाला पण, बुटक्यांनी काही करू नये म्हणून. मला हे सगळ्यात आवडतं, की आमचे पूर्वज किती थोर असं सांगणारे सण ढिगाने आहेत, आमच्या हातून एक वाईट झालं ते दर दोन वर्षांनी रात्र जागवून निस्तरणारे किती असतील.

प्रश्न: क्लाउड गेट या डान्स कंपनीचं तिकीट परवडत नाही. काही मार्ग? (वाचक, शिन्चू, मूळ नाशिक)

उत्तर: आहे ना. ते दरवर्षी मोकळ्या मैदानात फुकट प्रयोग करतात, तैपेईला लिबर्टी स्क्वेअरवर आणि इतर शहरांतही, चटई घेऊन लवकर जा आणि उठताना कचरा बरोबर न्या, हजारो माणसं उठून गेल्यावर मैदान स्वच्छ असणं ही त्या प्रेक्षकांची ख्याती आहे. १९७३ मध्ये लिन ह्वाय-मिन यांनी कंपनी काढली. पूर्वजांच्या समुद्रप्रवासावरचा त्यांचा नाच १६ डिसेंबर १९७८ ला च्यायी या दक्षिणेतल्या शहरात पहिल्यांदा झाला आणि नेमकं त्याच दिवशी अमेरिकेने तैवानशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं, त्या रात्री प्रेक्षकांचं काय झालं असेल विचार करा. आणखी एक म्हंजे १९९४ चा त्यांचा भटक्यांच्या गाण्यांचा प्रयोग, तो लिन बोधगयेला जाऊन आल्यावर सुचलाय. स्टेजवर साडेतीन टन सोनेरी तांदूळ, आणि एका बाजूला एक भिक्खू हात जोडून उभा, त्याच्या टाळक्यावर प्रयोगभर तांदळाची धार. तो हलत नाही. तो परत लागला तर उधारी करून जा.

प्रश्न: आमच्या गावच्या तरुण मंडळाला दरवर्षी तोच ऑर्केस्ट्रा आणायचा कंटाळा आलाय. तैवानातली खेडी स्वतःचे कला महोत्सव करतात म्हणे. आम्हाला त्यातून काय उचलता येईल? (मंडळाचा कार्यकर्ता, जिल्हा सांगली)

उत्तर: एकच गाव सांगते, मेइनोंग. गाओशुंगमधलं हक्का लोकांचं गाव, तंबाखूची शेती, तेलकागदाच्या छत्र्या. नव्वदच्या दशकात सरकारने ठरवलं की वर पिवळ्या फुलपाखरांची दरी आहे तिथे धरण बांधायचं. गावाने मोर्चे काढले, तैपेईला जाऊन संसदेसमोर बसले, आणि १९९५ पासून त्या दरीत फुलपाखरांचा सण सुरू केला. त्यात गावकरी काय करतात माहितीये, आधी फुलपाखरांची आणि जंगलाची माफी मागतात, रीतसर पूजा मांडून. मग गाणी, जेवण, दरीत फेरी. त्याच काळात गावातल्या पोरांनी बँड काढला, नावच 'सावड', आपल्याकडे पेरणी-कापणीला सावड करतात तसं तंबाखूच्या हंगामात एकमेकांच्या शेतात राबायची त्यांची जी पद्धत होती त्यावरून ठेवलेलं. १९९९ मध्ये त्यांनी तंबाखू सुकवायच्या जुन्या कोठीत माल भरायच्या जागी माइक लावून अल्बम रेकॉर्ड केला, हक्का बोलीत, सनईसारखं वाद्य, चंद्रवीणा आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र. धरण रद्द झालं २००० मध्ये. गाण्याने रद्द झालं असं मी म्हणत नाही, सरकार बदललं होतं, पण सण बंद पडला नाही.

सरकारी हात पण होता बरं का, १९९४ मध्ये तैवानच्या सांस्कृतिक खात्याने गावांनी स्वतःचं गाव स्वतः घडवावं अशी योजना आणली, पैसे दिले, आणि २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपानंतर पडलेली गावं उभी करताना ती फार कामाला आली. त्यात पैसे आले तसे नुसते रंगवलेल्या भिंतींपुरते उरलेले महोत्सव पण ढिगाने झाले, सेल्फी काढून लोक निघून जातात. तेव्हा भिंतीपासून सुरुवात करू नका. तुमच्या गावात एक गोष्ट अशी असेल की जी फक्त तुम्हीच करता, द्राक्षाच्या छाटणीची गाणी असतील, गजीनृत्य असेल, बेदाण्याची शेड असेल. ऑर्केस्ट्राचे निम्मे पैसे काढा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की तुम्ही तरुण होता तेव्हा जत्रेला काय व्हायचं. स्टेज एकदम शेवटी बांधा. आणि पहिल्या वर्षी पाहुण्यांना बोलावूच नका, आपल्या आपल्यात होऊ द्या, फसलं तर कोणी हसणार नाही.

प्रश्न: तैवानला जायला पैसे नाहीत. मुंबईत काही बघायला मिळतं का? (वाचक, परळ)

उत्तर: ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र उघडलंय, भारतात दिल्ली आणि चेन्नईनंतरचं तिसरं. दूतावास नाही, कारण भारताचे तैवानशी तसे अधिकृत संबंध नाहीत, पण व्हिसा-व्यापार आणि सांस्कृतिक कार्यक्रम तेच बघतात. त्यांच्या सोशल मीडियावर लक्ष ठेवा. आणि पालखी घरबसल्या बघायची असेल तर तिच्या दिवसांत बायशातुनचं लाइव्ह चालू असतं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहेत ते, म्हंजे तुमचा सकाळचा चहा होईपर्यंत देवी बरंच चालून गेलेली असते.

पुढच्या अंकासाठी प्रश्न नेहमीच्या मेलवर पाठवा. तैवानी चहाबद्दल आलेले मेल मी बाजूला ठेवलेत, त्यावर वेगळं लिहीन.